उजेड वाढवण्याआधी

१

जुन्या मोटारीच्या समोरच्या दिव्यांवर चढलेला पिवळट धूसरपणा हा साहित्यचर्चेचा विषय होऊ शकत नाही, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. तरीही हा लेख त्या दिव्यांविषयीच आहे. गेल्या गळीत हंगामात ते दुरुस्त करण्याच्या निमित्ताने मला जे शिकावे लागले, ते माझ्या व्यवसायातल्या, म्हणजे मराठी वाङ्मय वाचण्याच्या आणि शिकवण्याच्या कामातल्या, एका जुन्या खोडीवर नेमके बोट ठेवणारे होते. दिसेनासे झाले की आपण उजेड वाढवतो. उजेडाच्या वाटेत काय आले आहे, हे पाहत नाही. रस्त्यावर ही खोड दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. वर्गात आणि समीक्षेत ती कोणाच्या जिवावर बेतत नाही हे खरे; पण समोरच्याचे डोळे तिथेही दिपतात आणि वाट तिथेही दिसत नाही.

माझी गाडी चौदा वर्षांची आहे. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी महाविद्यालयातले काम आटोपून पलूसहून सांगलीकडे येत होते. उसाचे दिवस होते. या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रभर चालू असतात. बहुतेकांच्या मागे दिवा नसतो. रेडियमची पट्टी कधी असते, कधी नसते, आणि असली तरी लोंबणाऱ्या उसाआड झाकली जाते. अशीच एक बैलगाडी मला दिसली तेव्हा ती माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर होती. ब्रेक लागला, गाडी थांबली, काही झाले नाही. गाडीवानाने मागे वळून पाहिले आणि एक शब्दही न बोलता कासरा ओढून बैल आणखी कडेला घेतले. जणू चूक त्याचीच होती.

त्या रात्री मी चूक त्याच्याच पदरात टाकली. मागे दिवा नको का, रेडियम नको का, असे घरी येऊन सांगितले. दुसऱ्या दिवशी मात्र गाडी इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने दिवे लावून पाहिले आणि निदान केले, "मॅडम, बल्ब बारीक पडतायत. शंभर-नव्वदचे टाकू, मग फरक बघा." मूळचे बल्ब साठ आणि पंचावन्न वॉटचे, हॅलोजनच्या दिव्यात सामान्यतः असतात तसे. त्याने घातलेले शंभर आणि नव्वदचे. फरक पडला यात शंका नाही. गाडीपुढे पांढऱ्या प्रकाशाचा एक मोठा गोळा तरंगू लागला, आणि मला आपण पुष्कळ पाहत आहोत असे वाटू लागले.

तीन-चार दिवसांनी त्याच रस्त्यावर समोरून एक मोटारसायकल आली. ती डगमगली, डांबर सोडून साइडपट्टीवर उतरली आणि कशीबशी थांबली. मागे एक बाई, मध्ये लहान मूल. मी गाडी थांबवून खाली उतरले. तो माणूस चिडलेला होता आणि त्याचे चिडणे रास्त होते. "ताई, डिपर तरी द्या की! आम्हाला काय दिसतंय का पुढचं?" मी म्हटले, "अहो, डिपरच आहे." त्याचा विश्वास बसला नाही. तो माझ्या गाडीसमोर येऊन, डोळ्यांवर हात धरून, दिव्याकडे वाकून पाहू लागला. मग म्हणाला, "मग काचा बघा तुमच्या," आणि निघून गेला.

मी काचा पाहिल्या. चौदा वर्षांत पहिल्यांदाच पाहिल्या, असे म्हटले तरी चालेल.

२

आपल्याकडे दिव्याची काच पुसणे हे एकेकाळी रोजचे काम होते. माझ्या आजोळी संध्याकाळी कंदील लावण्याआधी आजी काच काढून घेई, चिमूटभर राख आणि मऊ फडके घेऊन आतून-बाहेरून पुशी आणि उजेडासमोर धरून पाही. वात नीट नसेल तर काजळी धरते आणि काजळी धरली की वात वर करून उपयोग नसतो; उलट काजळी वाढते, हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. काच पुसणे हे दिवा लावण्याचाच भाग होते.

मोटारीच्या दिव्याला आपण अजून 'काच' म्हणतो, पण ती काच उरलेली नाही. अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे गोल दिवे खरोखरच काचेचे होते. अमेरिकेत तर १९४० पासून चार दशकांहून अधिक काळ ठरावीक आकाराचे, काचेचे, बंदिस्त दिवेच बसवावे लागत. १९८३ मध्ये तो नियम बदलला आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन या मोटारीपासून तिथे वेगळ्या घडणीचे दिवे रस्त्यावर आले. पुढे जगभर काचेची जागा पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकने घेतली. हे द्रव्य १९५३ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीत हेर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तयार केले. वजन काचेच्या जवळपास निम्मे, हवा तो आकार देता येतो, खडा उडून लागला तर फुटत नाही. एवढे गुण असताना काच मागे पडली यात नवल नाही.

पण या द्रव्याचे दोन दोष आहेत. एक म्हणजे ते काचेच्या मानाने मऊ आहे. धुळीनेही त्यावर ओरखडे उठतात. दुसरा दोष अधिक खोल आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. पृष्ठभागाजवळच्या रेणूंचे बंध त्या किरणांनी तुटतात, हवेतला ऑक्सिजन त्यांच्याशी जुळतो आणि पिवळ्या रंगाची नवी संयुगे तयार होतात. म्हणून कारखान्यातच या भिंगावर एक कठीण, अतिनील किरण शोषून घेणारा, केसापेक्षाही कितीतरी पातळ असा पारदर्शक थर चढवलेला असतो. तो आपल्याला कधी दिसत नाही. दिसतो तो संपल्यावर. काही वर्षांच्या उन्हाने, धुळीने आणि धुण्यापुसण्याने तो झिजतो, त्याला बारीक तडे जातात, जागोजाग तो सुटू लागतो. मग एकीकडे पिवळेपणा आणि दुसरीकडे तड्यांमुळे येणारा दुधाळपणा, असा दुहेरी धूसरपणा चढतो. माझ्या गाडीचा डावा दिवा उजव्यापेक्षा अधिक गढूळ होता. महाविद्यालयाच्या आवारात ती इतकी वर्षे एकाच जागी उभी असते आणि दुपारचे ऊन त्याच बाजूने येते.

कंदिलाची काजळी आणि हा धूसरपणा यांत म्हणूनच मूलभूत फरक आहे. काजळी ही काचेवर बाहेरून येऊन बसलेली वस्तू. पुसली की काच पुन्हा होती तशी. इथे बाहेरून काही येऊन बसलेले नाही. भिंगाचा पृष्ठभागच बदललेला आहे. त्याला मळ समजून ओल्या फडक्याने पुसत राहणाऱ्या माणसाच्या हाती काही लागत नाही.

आणि अशा भिंगामागे मोठा बल्ब लावला तर काय होते, हे मोटारसायकलवाल्याने मला दाखवले होते. दिव्यातला परावर्तक प्रकाशाला वळण देऊन तो रस्त्यावर खाली पाडतो. डिपरवर असताना समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीला तो जाऊ नये, अशीच त्याची रचना असते. धूसर भिंग ही शिस्त मोडते. जो प्रकाश खाली रस्त्यावर पडायचा तो वर, बाजूला, सगळीकडे विखुरतो. बल्ब मोठा केला की रस्त्यावरचा उजेड थोडा वाढतो आणि विखुरणाराही त्याच प्रमाणात वाढतो. चालवणाऱ्याला वाटते, आपला दिवा आता प्रखर झाला. तो प्रखर झालेला असतो, पण समोरून येणाऱ्यासाठी. २०१८ मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने जुन्या, धूसर झालेल्या दिव्यांची मोजणी केली, तेव्हा डिपरवर त्यांचा उजेड नव्या दिव्यांच्या जेमतेम २० टक्के भरला. त्या बैलगाडीवर माझ्या दिव्यांचा किती प्रकाश पडला असेल, याचा अंदाज यावरून करता येतो. दोष गाडीवानाच्या रेडियमचाही होता. पण पहिला दोष माझा होता.

३

यानंतर मी दुसरी चूक केली. माझ्या भाच्याने टूथपेस्टचा प्रसिद्ध उपाय सुचवला आणि रविवारी सकाळी आम्ही दोघांनी तो केला. अर्ध्या तासात दिवे चकचकीत झाले. मी शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवले. टूथपेस्टमध्ये सौम्य घर्षक असतो. वरची बिघडलेली साय तो थोडीफार काढतो, त्यामुळे हा उपाय खोटा नाही. पण जो थोडाफार मूळ थर शिल्लक असतो तोही त्याबरोबर जातो आणि त्याच्या जागी नवे काही येत नाही. उघडे पडलेले पॉलिकार्बोनेट मग पूर्वीपेक्षा लवकर बिघडते. मार्च संपायच्या आत माझे दिवे पुन्हा होते तसे झाले. थिनरने किंवा डास पळवणाऱ्या मलमाने पुसण्याचा सल्लाही मला मिळाला होता. तो मी मानला नाही हे बरे झाले. ती द्रव्ये प्लॅस्टिकचा पृष्ठभागच विरघळवतात, त्याने क्षणभर तकाकी येते आणि नंतर तडे जातात.

शेवटी गाड्या रंगवणाऱ्या एका पेंटरकडे गेले. त्याने आधी दिव्यावर पाणी मारले. ओले असताना भिंग बरेच स्वच्छ दिसू लागले, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, बिघाड बाहेरच्या अंगाला आहे. होईल." पाणी बारीक ओरखडे आणि तडे भरून काढते, म्हणून बाहेरचा धूसरपणा ओला असताना नाहीसा होतो, आत वाफ धरली असेल किंवा आतला परावर्तक काळवंडला असेल, तर पाण्याने काही फरक पडत नाही आणि बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नसतो. दुरुस्तीच्या आधी त्याने हा एक प्रश्न विचारला, याचे मला फार अप्रूप वाटले.

मग त्याने दिव्याभोवती मास्किंग टेप लावली आणि आठशे नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून घासायला सुरुवात केली. नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत. पाचच मिनिटांत दिवा पांढराफटक झाला. होता त्याहून वाईट. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "आधी आणखी पांढरा होणार. अर्धवट थर ठेवून चालत नाही, डाग राहतात." त्यानंतर हजार, पंधराशे, दोन हजार, तीन हजार, असे क्रमाने पेपर. एका पेपरने आडवे घासायचे, पुढच्याने उभे, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसते. पुढच्या पेपरचे काम एकच: मागच्या पेपरने उठवलेले ओरखडे काढणे. एखादी पायरी गाळली तर शेवटी कितीही पॉलिश केले तरी खालचे ओरखडे डोकावतात. मग कंपाउंड लावून मंद गतीने बफिंग. घाई केली तर उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडते.

आता दिवा खरोखरच नवा दिसत होता आणि मी पैशांचे विचारले. तो म्हणाला, "अजून व्हायचंय. असाच नेला तर पावसाळ्यानंतर परत याल." त्याने भिंग स्पिरिटने पुसून कोरडे केले, तोंडाला मास्क लावला (हार्डनर घातलेल्या क्लिअरची वाफ फुप्फुसांना घातक असते आणि नुसत्या हातरुमालाने ती अडत नाही) आणि अतिनील किरण अडवणाऱ्या क्लिअर कोटचे दोन पातळ हात दिले. बल्ब त्याच्या सांगण्यावरून मी पुन्हा मूळचेच, साठ-पंचावन्नचे बसवून घेतले. किती दिवस टिकेल असे विचारल्यावर त्याने खांदे उडवले. "गाडी सावलीला लावा. दोन वर्षं तरी जातील. मग परत करू."

त्याने 'कायमचे झाले' असे म्हटले नाही. वर उल्लेखलेल्या २०१८ च्या मोजणीतही दुरुस्त केलेले दिवे मूळ उजेडाच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंतच पोचले होते. घासणे म्हणजे मूळ द्रव्यातला थोडा भाग काढून टाकणे. तो परत येत नाही. म्हणून हे काम जितक्या कमी वेळा आणि जितके नीट करता येईल तितके चांगले.

४

नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ यांचा संबंध सांगताना दिव्याचाच दाखला दिला आहे. ज्याला प्रकाश हवा असतो तो दिव्याच्या ज्योतीची काळजी घेतो, कारण ज्योत हे प्रकाशाचे साधन. तसेच व्यंग्यार्थाची आस असलेला वाच्यार्थाची काळजी घेतो. एम.ए.च्या वर्गात हे मी अनेक वर्षे शिकवत आले. पण या दृष्टांतातला आग्रह कशावर आहे, हे मला त्या पेंटरच्या दुकानात उभे राहून उमगले. आनंदवर्धन ध्वनीचा पुरस्कर्ता. तरी तो वाचकाला आधी साध्या, दिसणाऱ्या, कोशात सापडणाऱ्या अर्थाकडे लक्ष द्यायला सांगतो. प्रकाश थेट वाढवता येत नाही. काळजी साधनाची घ्यावी लागते.

आपण नेमके उलट करतो. एक उदाहरण माझ्या वर्गातले. संतवाङ्मयात 'उदास' हा शब्द अलिप्त, आसक्ती नसलेला या अर्थाने येतो. आजचा विद्यार्थी तो 'खिन्न' या अर्थाने वाचतो, कारण त्याच्या मराठीत त्याला तेवढाच अर्थ उरला आहे. साहजिकच साऱ्या अभंगावर एक खिन्नतेची छाया पडते आणि संत निराशावादी होते की काय, अशी शंका तो विचारतो. या शंकेवर मी एकदा पाऊण तास बोलले होते. वारकरी संप्रदायाचे तत्त्वज्ञान, प्रपंच आणि परमार्थ, मध्ययुगीन समाजस्थिती, आधुनिक मनाची घडण, सगळे काढले. मुले भारावली. तास संपल्यावर एका मुलीने वहीत काय लिहिले आहे ते पाहिले, तर 'उदास = खिन्न' हे तसेच होते; त्याखाली माझी वाक्ये होती. तिच्या भिंगावर एका शब्दाचे धुके होते. ते पुसायला एक मिनिट पुरले असते. मी शंभर-नव्वदचा बल्ब लावला.

मराठी समीक्षेतही हेच चालते, असे मला वाटते, आणि त्यात मी स्वतःला वगळत नाही. एखाद्या कवितेविषयी लिहिताना आपल्याला नेमके काय दिसले हे स्पष्ट नसेल, तर आपण परिभाषेची वॉट वाढवतो. संरचना, विरचना, संहिता, अवकाश, अस्तित्वभान. हे शब्द निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. त्यांमागे कष्टाने घडवलेला विचार आहे. पण लिहिणाऱ्याचे आकलनच धूसर असेल तर ती परिभाषा कवितेवर पडण्याऐवजी वाचकाच्या डोळ्यांवर पडते. लिहिणाऱ्याला मात्र आपले लेखन प्रखर झाले असेच वाटत राहते. माझा एक लेख वाचून एका विद्यार्थ्याने फार अदबीने सांगितले होते, "मॅडम, लेख आवडला. पण कवितेत काय आहे ते तेवढं कळलं नाही." तेव्हा मी त्याला अधिक वाचायला सांगितले. आज वाटते, तोही डिपर मागत होता आणि मी डिपरच दिला आहे अशा समजुतीत होते.

याउलट टूथपेस्टचा मार्ग म्हणजे आपल्याकडची गाइडे, सारांश आणि 'सोप्या मराठीत' केलेली रूपांतरे. परीक्षेपुरती चकाकी त्यांनी येते. पण वाचणाऱ्याच्या अंगी शब्द उलगडण्याची जी थोडीबहुत क्षमता असते, तीही त्या घासण्यात निघून जाते. पुढच्या वर्षी तोच विद्यार्थी अधिक लवकर धूसर होतो.

५

इथे एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. साहित्यातली प्रत्येक दुर्बोधता म्हणजे धुके असते का? स्वच्छतेचा हा आग्रह शेवटी सुबोधतेच्या सक्तीकडे जात नाही का?

उत्तर पुन्हा दिव्यांतच आहे. अँबॅसडरच्या त्या जुन्या काचेच्या दिव्यांवर उभ्या-आडव्या रेघा, खाचा आणि छोटी भिंगे कोरलेली असत. त्या काचेतून आरपार स्पष्ट दिसत नसे. पण तो तिचा दोष नव्हता. प्रकाश कुठे पसरवायचा, कुठे खाली वळवायचा, हे काम त्या रेघाच करत. आजच्या गाड्यांत ते काम मागच्या परावर्तकाकडे गेले, म्हणून पुढचे भिंग सपाट आणि स्वच्छ झाले. आता एखाद्या उत्साही माणसाने त्या जुन्या काचेच्या रेघांना ओरखडे समजून घासून काढले, तर काच आरपार दिसेल आणि दिवा निकामी होईल.

मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ मध्ये आल्या, तेव्हा त्यांच्यावर दुर्बोधतेचा आरोप झाला. आज त्या कवितांतली मोडतोड, अनपेक्षित प्रतिमा, संतांच्या छंदात घातलेले यंत्रयुगातले शब्द, हे सगळे कोरलेल्या रेघांसारखे आहे, हे आपल्याला कळते. त्या रेघा काढून त्या कवितेचा गद्य अर्थ हाती घेतला, तर हाती फारसे उरत नाही. शिक्षकाचे आणि समीक्षकाचे पहिले काम म्हणूनच घासणे हे नव्हे. रेघ कोणती आणि ओरखडा कोणता, बिघाड आत आहे की बाहेर, हे ओळखणे हे पहिले काम. ते करायला पेंटरने केले तसे आधी थोडे पाणी मारून पाहावे लागते. म्हणजे कविता दोनदा-तीनदा मोठ्याने वाचावी, शब्द कोशात पाहावेत, संदर्भ तपासावेत. एवढ्याने जे स्वच्छ होते ते बाहेरचे धुके होते. एवढे करूनही जे तसेच राहते ते बहुधा कवीने ठेवलेले असते, आणि त्याला हात लावण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त प्रसादगुण समजावताना वाळलेल्या इंधनात पसरणाऱ्या अग्नीची आणि स्वच्छ पाण्याची उपमा दिली आहे. आपण प्रसाद म्हणजे सोपेपणा असे समजतो. पण 'प्रसन्न' पाणी म्हणजे मूळ संस्कृतात निवळलेले पाणी. गाळ खाली बसलेले. ते उथळच असायला हवे असे नाही. खोल विहिरीचे पाणीही निवळशंख असू शकते.

६

राहता राहिला तो शेवटचा पातळ थर. दुरुस्तीतला हा भाग डोळ्यांना काहीच दाखवत नाही, म्हणून तोच सर्वांत आधी वगळला जातो. आमच्या क्षेत्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण एकनाथांचे आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत प्रतींमध्ये शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. यापुढे कोणी या ग्रंथात आपली ओवी मिसळू नये, असेही त्यांनी अखेरीस बजावून ठेवले. साफ करणे आणि पुन्हा खराब होऊ नये अशी तजवीज करणे, ही दोन कामे आहेत, हे त्यांना ठाऊक होते.

मात्र राखण करणारा थर पारदर्शकही असावा लागतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळसारख्या सांकेतिक लिपींत जपले. त्या लिपीने त्यांचे रक्षण केले हे खरे. पण विसाव्या शतकाच्या आरंभी ती उलगडेपर्यंत मराठीतले सर्वांत जुने गद्य मराठी वाचकाला जवळजवळ बंदच होते. आमचे तळटीपांनी जडावलेले अभ्यासग्रंथ पाहताना मला कधीकधी त्या लिपीची आठवण होते.

असो. जाता जाता रस्त्याविषयीही दोन शब्द, कारण हा लेख तिथून सुरू झाला. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. धुराची तपासणी मात्र मधल्या काळातही ठरावीक मुदतीने करून पीयूसी घ्यावीच लागते. म्हणजे आपली गाडी हवेत काय सोडते, हे आपण नियमाने मोजतो. ती समोरच्याच्या डोळ्यांत काय सोडते, हे पंधरा वर्षे कोणी पाहत नाही. पीयूसीच्या त्याच टपरीवर दिव्यांवरून एक नजर फिरवायला आणि धूसर असतील तर दुरुस्तीची मुदत द्यायला फार मोठी यंत्रणा लागू नये. सरकारने हे करावे असे मला वाटते. पण तोवर थांबण्याचेही कारण नाही. अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावावा. भिंतीवर उजेडाची वरची कड स्पष्ट दिसली तर ठीक. ती दिसत नसेल आणि सगळी भिंतच पांढुरकी उजळली असेल, तर बल्बवाल्याकडे न जाता पेंटरकडे जावे.

या हंगामात त्या रस्त्यावरून येताना बैलगाड्या मला बऱ्याच आधी दिसतात. त्यांच्या मागे अजून दिवे नसतात. बल्ब तेच, मूळचे आहेत. पुढचा क्लिअर कोट कधी द्यायचा, ती तारीख मी डायरीत लिहून ठेवली आहे. आणि त्याच पानावर, एम.ए. भाग एकच्या पहिल्या तासाला फळ्यावर लिहायचा शब्द म्हणून, 'उदास' हा शब्दही लिहिला आहे.